‘पॉटहोल’चे ‘पोथोल’ का होते : इंग्रजी जोडशब्दांची फोड आणि आघात पुन्हा पुन्हा चुकत असल्यास

सोलापूरच्या पूर्व भागात मी संध्याकाळी इंग्रजी वाचन आणि संभाषणाचा एक छोटा वर्ग घेतो. वर्गात घरी मराठी बोलणारी मुले आहेत, तेलुगू बोलणारी आहेत, कन्नड आणि दखनी बोलणारीही आहेत. त्यांच्या इंग्रजीतल्या पुष्कळशा चुका घरच्या भाषेप्रमाणे बदलतात. परंतु एक चूक अशी आहे की ती सर्वांची सारखी आहे आणि कितीही वेळा दुरुस्त केली तरी परत येते. एका विद्यार्थ्याने रस्त्यावरच्या खड्ड्यांविषयीचा उतारा वाचताना ‘पॉटहोल’ हा शब्द ‘पोथोल’ असा वाचला. मी तो सुधारला, त्याने पाच वेळा बरोबर म्हणून दाखवला आणि विषय संपला असे मला वाटले. पुढच्या आठवड्यात त्याच मुलाने ‘हॉटहेड’चे ‘हॉथेड’ केले, नंतर ‘लूपहोल’चे ‘लूफोल’ केले, आणि ‘ग्रासहॉपर’ हा नाकतोडा तर सगळ्या वर्गाने एकमुखाने ‘ग्राशॉपर’ करून टाकला. चार शब्द, चार दुरुस्त्या, आणि पाचवा शब्द आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चूक एकच होती. ती चार निरनिराळ्या चुका समजून मी शब्दागणिक मलमपट्टी करत बसलो, हा दोष माझा.

याच समस्येचे दुसरे रूप कानाला उशिरा कळते. मुलाखतीच्या सरावात एक विद्यार्थिनी म्हणाली की तिला ‘इंग्लिश टीचर’ व्हायचे आहे. शब्द बरोबर होते, व्याकरण बरोबर होते, परंतु जोर तिने ‘टीचर’वर दिला. इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे अशा माणसाला त्याचा अर्थ ‘इंग्लंडची असलेली शिक्षिका’ असा लागतो. इंग्रजी विषय शिकवणारी शिक्षिका म्हणायचे असेल तर जोर ‘इंग्लिश’च्या पहिल्या तुकड्यावर यावा लागतो. माझ्या विद्यार्थिनीला इंग्लंडची नागरिक व्हायचे नव्हते, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. वाचणाऱ्याला शब्दातला सांधा दिसलेला नसतो, म्हणजे दोन शब्द जेथे एकमेकांना जोडले गेले ती जागा त्याच्या नजरेतून सुटलेली असते. सांधा दिसला नाही म्हणून शब्द भलत्या ठिकाणी तुटतो, आणि दोन भागांचे आपसातले नाते लक्षात आले नाही म्हणून आघात भलत्या भागावर पडतो. उच्चाराचा सराव कितीही घेतला तरी जिभेचा यात फारसा दोष नसल्यामुळे सरावाने फक्त तो एक शब्द सुधारतो.

पुढे जाण्यापूर्वी दोन संज्ञा स्पष्ट केलेल्या बऱ्या. एका स्वराभोवती गोळा झालेला आणि एका ठोक्यात उच्चारला जाणारा तुकडा म्हणजे सिलॅबल. मराठीत यासाठी ‘अक्षर’ हा शब्द आहे, परंतु शाळेत आपण कागदावरच्या चिन्हालाही अक्षरच म्हणतो आणि घोटाळा होतो, म्हणून येथे ‘सिलॅबल’ हाच शब्द ठेवतो. आघात म्हणजे त्यांपैकी एका सिलॅबलला मिळणारे प्राधान्य. हे प्राधान्य केवळ आवाज मोठा करून मिळत नाही. त्या जागी सूर बदलतो, स्वर थोडा लांबतो आणि पूर्ण, स्वच्छ उच्चारला जातो. मराठीत आघात बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला त्याची दखल घेण्याची सवयच लागलेली नसते.

सांधा ओळखण्याची सवय मात्र आपल्याला आहे, आणि हे मुलांना सांगितले की त्यांचा चेहरा उजळतो. ‘हातमाग’ हा शब्द आपण ‘हात्-माग’ असा वाचतो, ‘हा-तमाग’ असा नाही. कागदावर ‘त’ पूर्ण लिहिलेला आहे, त्याचा पाय मोडलेला नाही, तरीही त्यातला ‘अ’ आपण गाळतो, कारण हाताने चालवायचा माग हे आपल्याला ठाऊक असते. ‘देवघर’ कोणी ‘दे-वघर’ वाचत नाही. जे ज्ञान आपण मराठीत न शिकवता वापरतो, तेच इंग्रजीत मुद्दाम वापरावे लागते, इतकाच फरक आहे.

आधी सांधा शोधावा

सर्वांत अधिक घात ‘एच’ हे अक्षर करते. इंग्रजीत टी-एच म्हणजे ‘थ’ किंवा ‘द’, पी-एच म्हणजे ‘फ’, एस-एच म्हणजे ‘श’ हे आपण पहिल्या-दुसऱ्या इयत्तेत पाठ केलेले असते, आणि आपल्या भाषेत थ, फ, श हे स्वतंत्र वर्ण असल्याने ही समीकरणे डोक्यात घट्ट बसतात. (आपल्या शहराचे नावसुद्धा जुन्या इंग्रजी कागदपत्रांत एस-एचने लिहिलेले आढळते, त्यामुळे ‘शोलापूर’ म्हणणारे वृद्ध अजून भेटतात.) परंतु ही समीकरणे एकाच सिलॅबलच्या आत लागू होतात. सांध्याच्या अलीकडे टी आणि पलीकडे एच असेल, तर ती दोन अक्षरे शेजारी बसलेली असली तरी एका घरातली नसतात. ‘पॉट’ संपतो आणि ‘होल’ सुरू होतो. मध्ये भिंत आहे.

म्हणून माझी पहिली सूचना अशी असते की शब्दाच्या मध्ये ‘एच’ दिसला की थांबावे, त्याच्यासकट उजवीकडचा भाग बोटाने झाकावा आणि डावीकडे अर्थपूर्ण शब्द उरतो का ते पाहावे. नंतर डावा भाग झाकून उजवीकडे तसेच पाहावे. दोन्ही बाजूंना शब्द मिळाले आणि दोन्ही मिळून त्या वाक्यात अर्थ लागला, तर ‘एच’च्या आधी पेन्सिलने उभी रेघ मारावी. ‘लाइट-हाउस’, ‘कार्ट-हॉर्स’, ‘पीप-होल’, ‘ग्रास-हॉपर’, ‘फॉग-हॉर्न’ हे सगळे या एकाच चाचणीत सुटतात. ‘अपहोल्स्टरी’ हा शब्द कापडाच्या धंद्यातल्या घरांतली मुलेही ‘अफोल्स्ट्री’ वाचतात. त्यात पूर्ण अर्थाने दोन स्वतंत्र शब्द आज उरलेले नाहीत, तरी ‘अप’ आणि ‘होल्ड’ यांचा जुना सांधा तेथे आहे आणि रेघ ‘पी’नंतरच पडते. ‘मिसहॅप’ म्हणजे अपघात, त्याचे ‘मिशॅप’ होते. ‘हॅप’ हा दैव या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द आहे. तोच ‘हॅपी’ आणि ‘परहॅप्स’ यांच्यात लपलेला आहे आणि ‘हॅपहॅझर्ड’मध्ये उघड दिसतो. एवढे एकदा सांगितले की ‘हॅफॅझर्ड’ हा उच्चार वर्गातून कायमचा जातो, असा माझा अनुभव आहे. ‘डिसहार्टन’ आणि ‘डिसऑनर’ हे जोडशब्द नसून उपसर्ग लागलेले शब्द आहेत, परंतु त्यांच्यातही ‘डिश’ शोधू नये.

दुसरा घातक पाहुणा म्हणजे मध्येच अडकलेला मुका ‘ई’. ‘होम’ या शब्दाच्या शेवटचा ‘ई’ मुका आहे हे प्रत्येकाला माहीत असते, परंतु ‘होमवर्क’मध्ये तो शब्दाच्या मध्ये आला की नवशिक्याला तो बोलका वाटू लागतो. ‘समटाइम्स’चे ‘सोमेटाइम्स’, ‘लाइमस्टोन’चे ‘लिमेस्टोन’ आणि ‘पाइनॲपल’चे ‘पिनेॲपल’ मी स्वतः ऐकलेले आहे. येथेही उपाय तोच आहे: सांध्यावर रेघ मारली की मुका ‘ई’ पुन्हा आपल्या शब्दाच्या शेवटी जाऊन बसतो आणि गप्प होतो.

तिसरा प्रकार देवनागरीमुळे होतो. मुले इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलने मराठी उच्चार लिहितात. ही सवय मी मोडत नाही, कारण ती मोडत नाही. परंतु ‘विंडमिल’ असे लिहिले की ‘ड’ पूर्ण दिसतो आणि वाचताना ‘विन्-ड-मिल’ असे तीन ठोके पडतात. वास्तविक त्यात दोनच सिलॅबल आहेत. ‘ग्राउंडनट’, ‘लँडलॉर्ड’, ‘टेक्स्टबुक’ यांचीही तीच गत होते. तेलुगू आणि कन्नडमध्ये बहुतेक शब्द स्वरान्त असल्याने त्या घरांतल्या मुलांच्या बोलण्यात सांध्यावर एक हलका ‘उ’ डोकावतो, तर मराठी मुलांच्या बोलण्यात ‘अ’. परिणाम सारखाच, एक सिलॅबल जास्त. उच्चार लिहायचाच असेल तर सांध्याजवळच्या व्यंजनाचा पाय मोडून ‘विंड्-मिल’ असे लिहावे आणि टेबलावर बोटाने ठोके देऊन मोजावेत. हनुवटीखाली हात धरूनही मोजता येते, कारण प्रत्येक स्वराला जबडा किंचित खाली येतो. इंग्रज स्वतः घाईत ‘हँडबॅग’मधला ‘ड’ खाऊनच टाकतात. तसे करण्याची आपल्याला गरज नाही, पण त्या जागी जादा स्वर भरण्यापेक्षा ‘ड’ गाळणे कमी वाईट, असे माझे मत आहे.

शब्दकोशात पाहून फोड करणाऱ्यांसाठी एक इशारा देतो. काही कोशांत मूळ शब्दामध्ये बारीक ठिपके दिलेले असतात आणि विद्यार्थी ते सिलॅबलचे ठिपके समजतो. ते बहुधा छापखान्याच्या सोयीसाठी असतात. ओळ संपताना शब्द कोठे तोडावा एवढेच ते सांगतात. एकच अक्षर ओळीच्या टोकाला एकटे ठेवायचे नाही अशा नियमामुळे ‘अगेन’ हा दोन सिलॅबलांचा शब्द काही कोशांत अखंड दिसतो. उच्चार पाहायचा तर त्यापुढे दिलेला ध्वनिलिपीतला भाग पाहावा. तेथे ज्या सिलॅबलच्या आधी वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते त्यावर मुख्य आघात, आणि खालच्या बाजूला असते त्यावर दुय्यम आघात.

नसलेला सांधा

सांधे शोधण्याची गोडी लागली की मुले ते नसतील तेथेही शोधू लागतात, आणि हा त्रास मी स्वतः ओढवून घेतलेला आहे. ‘फादर’मध्ये ‘फॅट’ आणि ‘हर’ हे दोन्ही शब्द दिसतात, ‘टुगेदर’मध्ये तर तीन दिसतात, आणि ‘कार्पेट’मध्ये मोटार आणि पाळीव प्राणी. म्हणूनच चाचणीचा शेवटचा भाग, म्हणजे दोन्ही मिळून वाक्यात अर्थ लागतो का हा प्रश्न, कधीही सोडू नये. सतरंजीचा मोटारीशी आणि मांजराशी काही संबंध लागत नाही, तेव्हा तेथे सांधा नाही. ‘हॅम्बर्गर’ या शब्दाने तर खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांनाच फसवले: तो हॅम्बर्ग या जर्मन शहराच्या नावावरून आला, परंतु लोकांनी ‘हॅम’ आणि ‘बर्गर’ अशी फोड कल्पून ‘बर्गर’ हा नवा शब्दच वेगळा काढला.

आपल्या जिल्ह्यातल्या, विशेषतः सांगोल्याकडच्या मुलांना ‘पॉमिग्रॅनेट’ हा शब्द वरचेवर लागतो. त्याची फोड ‘पोमे-ग्रॅनाइट’ अशी करून डाळिंबाचा दगड करू नये. तो फ्रेंचमधून आला, त्याच्या पोटात ‘दाण्यांचे सफरचंद’ अशा अर्थाचे दोन लॅटिन शब्द आहेत खरे, पण इंग्रजीपुरता तो अखंड शब्द आहे. चार सिलॅबल, आणि ब्रिटिश धाटणीत मुख्य आघात पहिल्यावर.

आघातासाठी विग्रह

फोड जमली की अर्धे काम झाले. आता दोन भागांपैकी जोर कोणत्यावर, हा प्रश्न उरतो. ‘जोडशब्द असेल तर पहिल्या भागावर’ हा नियम बहुतेक पुस्तकांत दिलेला असतो आणि तो पुष्कळ ठिकाणी चालतोही: ‘टूथब्रश’, ‘फुटबॉल’, ‘बेडशीट’, ‘हँडलूम’, ‘पॉवरलूम’, ‘पोस्ट ऑफिस’, ‘बस स्टॉप’. शब्द जोडून लिहिलेला आहे की तोडून, यावर विसंबू नये. ‘पोस्ट ऑफिस’ तोडून लिहितात तरी आघाताच्या दृष्टीने तो एकच शब्द आहे. पहिला भाग स्वतःच एकाहून अधिक सिलॅबलांचा असेल तर त्याचा आघात जेथे मुळात असतो तेथेच राहतो, म्हणून ‘पोलीस स्टेशन’मध्ये जोर ‘लीस’वर आणि ‘मशीन गन’मध्ये ‘शीन’वर.

परंतु एवढ्यावर भागत नाही. मिल पाहिलेल्या आजोबांच्या नातवंडांना मी एकच जोडी देतो: ‘कॉटन मिल’ आणि ‘कॉटन टॉवेल’. पहिल्यात जोर ‘कॉटन’वर, दुसऱ्यात ‘टॉवेल’वर. मराठीत दोन्हीकडे ‘कापसाची गिरणी’, ‘कापसाचा टॉवेल’ अशी एकसारखी षष्ठी येते आणि फरक झाकला जातो; म्हणून शाळेत नववी-दहावीला शिकलेला समासविग्रह येथे बाहेर काढावा लागतो. गिरणी कापसाची बनलेली नसते. ती कापसावर काम करण्यासाठी असते. ‘गायरान’ म्हणजे गाईसाठी रान, ‘क्रीडांगण’ म्हणजे क्रीडेसाठी अंगण, तसाच हा तत्पुरुष आहे आणि इंग्रजीत त्याचा आघात पहिल्या पदावर पडतो. टॉवेल मात्र कापसापासून बनलेला असतो. ‘पुरणपोळी’ म्हणजे पुरण घालून केलेली पोळी, ‘साखरभात’ म्हणजे साखर घालून केलेला भात, हा मध्यमपदलोपी समास. मधले ‘पासून बनवलेला’ किंवा ‘घालून केलेला’ हे शब्द गळालेले. असा विग्रह होत असेल तर इंग्रजीत आघात बहुधा दुसऱ्या पदावर जातो: ‘सिल्क टाय’, ‘पेपर बॅग’, ‘ग्लास बॉटल’, ‘चीज सँडविच’, ‘ॲपल पाय’. उलट ‘पेपर मिल’ आणि ‘मिल्क बॉटल’ यांत पहिल्यावर, कारण दुधाची बाटली दुधाची बनलेली नसते. खाण्याच्या पदार्थांत ‘ज्यूस’ आणि ‘केक’ हे दोन शब्द या नियमाला जुमानत नाहीत. ‘ऑरेंज ज्यूस’ आणि ‘फ्रूट केक’ यांत जोर पहिल्यावरच येतो, आणि याला मला पाठांतराखेरीज दुसरा उपाय सापडलेला नाही.

कर्मधारयाचे, म्हणजे विशेषण आणि नाम यांच्या समासाचे, वागणे सर्वांत मनोरंजक आहे. ‘ग्रीन हाउस’ म्हणजे नुसते हिरवे घर, तेव्हा विशेषण आणि नाम आपापल्या जागी उभे असतात आणि जोर ‘हाउस’वर असतो; परंतु तेच दोन शब्द एका विशिष्ट वस्तूचे नाव झाले, रोपे वाढवण्याचे काचघर झाले, की आघात उडी मारून ‘ग्रीन’वर येतो, मग ते घर हिरवे असो वा नसो. ‘ब्लॅकबोर्ड’ हिरवा असला तरी ब्लॅकबोर्डच राहतो, कारण आघाताने त्याला नाव करून टाकले आहे. ‘रनिंग वॉटर’ आणि ‘ड्रिंकिंग वॉटर’ यांच्यातही हाच भेद आहे: वाहते पाणी हे विशेषण-विशेष्य असल्याने जोर ‘वॉटर’वर, पिण्यासाठीचे पाणी हा तत्पुरुष असल्याने जोर ‘ड्रिंकिंग’वर. नळाची वाट पाहण्याची सवय असलेल्या सोलापूरकराला हे दोन प्रकारचे पाणी वेगळे असते हे समजावून सांगावे लागत नाही. आणि ‘इंग्लिश टीचर’चे कोडे येथेच सुटते: इंग्रजीची शिक्षिका हा तत्पुरुष, इंग्लंडची असलेली शिक्षिका हा कर्मधारय.

बहुव्रीही इंग्रजीत फारसे त्रास देत नाहीत. ‘हॉटहेड’ म्हणजे तापलेले डोके नव्हे, तर ज्याचे डोके चटकन तापते तो माणूस, ‘रेडहेड’ तसाच. दोन्हींत आघात पहिल्यावर. द्वंद्वासारखे शब्द, जेथे दोन्ही पदे बरोबरीची असतात, ते शेवटच्या पदावर झुकतात: ‘बिटर-स्वीट’, ‘नॉर्थ-ईस्ट’.

स्वर, म्हणजे येथे आवाजाची उंची, बदलला की समास बदलतो ही कल्पना मुलांना परकी वाटते, तेव्हा मी त्यांना वृत्राची गोष्ट सांगतो. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ केला आणि ‘इन्द्रशत्रु वाढो’ अशा अर्थाचा मंत्र म्हटला. अंत्य स्वर उदात्त, म्हणजे उंच, ठेवला असता तर तो तत्पुरुष झाला असता, म्हणजे इंद्राचा मारेकरी. परंतु उदात्त पहिल्या पदावर पडला, तो बहुव्रीही झाला, म्हणजे इंद्र ज्याचा मारेकरी आहे असा, आणि वृत्र इंद्राच्याच हातून मेला. पाणिनीने समासांच्या स्वरांचे नियम सविस्तर दिले आहेत. मराठीत ते स्वर उरलेले नाहीत, परंतु ही भानगड आपल्या घराण्यात पूर्वी होती एवढे कळले की इंग्रजीवरचा राग थोडा निवळतो. नियम मात्र जसेच्या तसे उचलू नयेत: वैदिक भाषेत तत्पुरुषाचा स्वर सहसा शेवटी जातो, इंग्रजीत तो पुढे येतो.

दोन लहान गोष्टी येथेच उरकतो. ‘चेक-आउट’, ‘टेक-ऑफ’, ‘लॉग-इन’ हे शब्द नाम असतील तर जोर पहिल्यावर, आणि त्याच शब्दांचे क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. रस्त्यांच्या नावांत ‘स्ट्रीट’ असेल तर जोर आधीच्या नावावर, ‘रोड’ असेल तर ‘रोड’वर, म्हणजे इंग्रजी वळणाने म्हणायचे झाले तर आपल्या स्टेशन रोडवरचा जोर ‘रोड’वर येईल. यामागचे कारण मुले विचारतात. भाषेची खोड, असे मी सांगतो.

इलाजाचा दुष्परिणाम

पहिल्या भागावर जोर द्यायला शिकवल्यानंतर साधारण पंधरा दिवसांत नवी तक्रार सुरू होते: दुसरा भाग गिळला जातो. ‘ब्लॅकबोर्ड’ म्हणताना ‘बोर्ड’चा स्वर इतका खचतो की ऐकणाऱ्याला ‘ब्लॅकबर्ड’ ऐकू येते, आणि शिक्षक पक्ष्यावर खडूने का लिहीत आहेत असा प्रश्न पडतो. जोडशब्दात दुसऱ्या भागाचा आघात उतरतो, नाहीसा होत नाही. त्याचा स्वर पूर्ण राहतो, फक्त सूर खाली येतो. यासाठी मी मुलांना आधी दोन्ही भाग वेगवेगळे, प्रत्येक पूर्ण जोराने म्हणायला लावतो, मग स्वर तसेच ठेवून दुसऱ्याचा केवळ सूर उतरवायला सांगतो. मोबाइलवर आवाज मुद्रित करून लगेच ऐकला तर फरक स्वतःच्याच कानांना कळतो. मी सांगितल्याने कळत नाही, तेवढा तो यंत्राने कळतो.

उलट बाजूला ‘सेकंड-क्लास’सारखी विशेषणे आहेत. ती एकटी आली तर जोर ‘क्लास’वर असतो, परंतु पुढे ‘तिकीट’ आले की मुख्य आघात ‘तिकीट’वर जातो आणि दोन आघात शेजारी नकोत म्हणून आधीचा मागे सरकून ‘सेकंड’वर येतो. ‘थर्टीन’ हा शब्द एकटा म्हटला तर जोर ‘टीन’वर असतो, ‘थर्टीन बॉइज’मध्ये तो ‘थर्’वर येतो, आणि मग तेरा आणि तीस यांची गल्लत होते, दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या मुलांना ही गोष्ट मी सर्वांत आधी शिकवतो.

झिजलेले शब्द

वरची सगळी तपासणी करूनही काही शब्द चुकतातच, आणि तेथे विद्यार्थ्याचा तर्क बरोबर असतो, भाषाच पुढे निघून गेलेली असते. ‘कप’ आणि ‘बोर्ड’ मिळून ‘कपबोर्ड’ व्हायला हवे. कप ठेवण्याची फळी असा त्याचा मूळ अर्थ होता. शतकानुशतके बोलून सांधा झिजला, ‘प’ गेला, ‘बोर्ड’चा स्वर खचला आणि ‘कबर्ड’ उरला. ‘ब्रेकफस्ट’मध्ये उपास मोडणे आहे, पण आता ‘ब्रेक’चा स्वरही बदलला आहे. ‘हझबंड’च्या पहिल्या भागात ‘हाउस’ आहे हे सांगूनही कोणाला पटत नाही. ‘व्हिन्यर्ड’ म्हणजे द्राक्षमळा, त्यात ‘व्हाइन’, म्हणजे वेल, ऐकू येत नाही. ‘रासबेरी’मधला ‘पी’ मुका झाला आणि ब्रिटिश उच्चारात तो शब्द दोन सिलॅबलांचा ‘राझ्-ब्री’ एवढाच राहिला. ‘शेपर्ड’ म्हणजे ‘शीप’ आणि ‘हर्ड’, मेंढ्या राखणारा. तेथे सांधा ‘पी’नंतर असल्याने ‘फ’ कधीच नव्हता, आणि पुढे ‘एच’ही बोलण्यातून गेला. तरीही आपल्याकडे प्रत्येक गल्लीत एक ‘जर्मन शेफर्ड’ असतोच; त्या कुत्र्याला मराठीत काय म्हणावे याबद्दल मी कोणाशी भांडत नाही, इंग्रजी बोलताना मात्र ‘शेपर्ड’ म्हणावे.

झिजण्याची ही क्रिया काही शेवटांवर एकसारखी चालते, म्हणून ते शेवट एकदाच शिकून घ्यावेत. ‘पोस्टमन’, ‘पोलीसमन’ यांतला ‘मॅन’ अगदी हलका होतो, तर ‘स्नोमॅन’मध्ये तो पूर्ण राहतो. ‘इंग्लंड’मधला ‘लँड’ असाच खचलेला आहे, तसेच ‘ऑक्सफर्ड’मधला ‘फोर्ड’ आणि ‘पोर्ट्स्मथ’मधला ‘माउथ’. झिजलेला सांधा कधी कधी पुन्हा उभाही राहतो. ‘फोरहेड’ हा शब्द पूर्वी ‘फॉरिड’ असा म्हटला जाई, ‘वेस्टकोट’ला ‘वेस्किट’ म्हणत. लोक स्पेलिंग पाहून बोलू लागले आणि दोन्ही शब्द पुन्हा आपल्या मूळ तुकड्यांवर आले. म्हणून एखाद्या जुन्या पुस्तकात ‘फॉरिड’ आढळले तर ते चूक समजू नये आणि वर्गात ‘फोरहेड’ म्हणणाऱ्यालाही टोकू नये.

शेवटी ‘वीकेंड’ आणि ‘आइस्क्रीम’. पहिल्यात ब्रिटिश लोक शेवटच्या भागावर आणि अमेरिकी लोक पहिल्यावर जोर देतात. दुसऱ्यातही साधारण तसेच. या दोन शब्दांसाठी विद्यार्थी माझ्याकडे दोन वेगवेगळे व्हिडिओ घेऊन येतात आणि बरोबर कोणता ते विचारतात. दोन्ही बरोबर आहेत. एकाच वाक्यात एकदा असे आणि एकदा तसे म्हणू नये, आणि वहीत त्या शब्दावर कोणता आघात निवडला ते पेन्सिलने मांडून ठेवावे.